पन्नासपैकी किती?

साहित्य शिकवणाऱ्या माणसाचे निम्मे आयुष्य गुण देण्यात जाते. 'या कवितेचे रसग्रहण करा' असा प्रश्न आपण घालतो आणि उत्तराच्या समासात लाल शाईने 'साडेसहा' असे लिहून मोकळे होतो. रसग्रहणाचे साडेसहा म्हणजे नेमके काय, असे एखाद्या विद्यार्थ्याने विचारले तर आपली पंचाईत होईल. सुदैवाने विद्यार्थी विचारत नाहीत. आस्वाद अंकांत मांडता येतो का, आणि मांडला तर त्यातले काय गळून जाते, हा प्रश्न मला बरीच वर्षे अधूनमधून छळत होता. त्याकडे मी जरा गंभीरपणे पाहू लागलो तो बीअरच्या निमित्ताने.

साहित्यविषयक लेखनात हा विषय आलेला पाहून काही वाचकांच्या भुवया उंचावतील, याची कल्पना आहे. परंतु आस्वादाची चर्चा खाण्यापिण्यापासून सुरू करण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. भरताने नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात रस समजावून देताना नाना व्यंजनांनी युक्त अन्नाचा आस्वाद घेणाऱ्या प्रसन्नचित्त माणसाचा दृष्टान्त घेतला. अभिनवगुप्ताने पानकरसाचा दृष्टान्त दिला: निरनिराळे घटक एकत्र येऊन जे पेय तयार होते, त्याची चव त्यांतल्या कोणत्याही एका घटकाची नसते. आपल्या मराठीतले 'पन्हे' हे याच 'पानक' शब्दाचे वंशज. विभाव-अनुभावांच्या जंगलात हरवलेला वर्ग पन्ह्याचे नाव काढताच जागा होतो, हा अनुभव अनेक शिक्षकांना असेल.

पश्चिमेतही हे असेच घडले. डेव्हिड ह्यूमने १७५७ साली प्रसिद्ध झालेल्या अभिरुचीविषयक निबंधात 'डॉन किहोते'मधील सँको पान्झाच्या दोन नातलगांची गोष्ट सांगितली आहे. एका पिंपातील वाइन चाखून एक म्हणाला, उत्तम आहे, पण किंचित चामड्याची चव लागते. दुसरा म्हणाला, चामड्याची नाही, लोखंडाची. लोक दोघांनाही हसले. पिंप रिकामे झाल्यावर तळाशी चामड्याचा पट्टा बांधलेली एक जुनी किल्ली सापडली. ह्यूमच्या दृष्टीने हे दोघे खरे समीक्षक. कांटने १७९० मध्ये अगदी वेगळी भूमिका घेतली. कॅनरी बेटांवरची वाइन सुखद आहे असे म्हणणाऱ्याने 'मला सुखद आहे' असेच म्हणावे. जिभेच्या सुखाबाबत सर्वांच्या संमतीची अपेक्षा करता येत नाही, ती फक्त सौंदर्याबाबत करता येते, असे त्याचे म्हणणे. रा. भा. पाटणकरांच्या 'सौंदर्यमीमांसा' (१९७४) या ग्रंथामुळे माझ्या पिढीतल्या मराठीच्या अनेक विद्यार्थ्यांची कांटशी गाठ पडली. पेला हातात घेतल्यावर आपण ह्यूमच्या बाजूचे की कांटच्या, हे तपासून पाहण्याची संधी मात्र अभ्यासक्रमात नव्हती.

ती संधी डहाणूत आली. आमच्या महाविद्यालयातील भौतिकशास्त्राचे एक प्राध्यापक मल्याणला राहतात. त्यांच्या भावाने प्राग शहरातून येताना खऱ्या पिल्सनरची एक बाटली आणली होती. तिला सोबत म्हणून येथील दुकानातून फिक्या सोनेरी बीअरच्या चार निरनिराळ्या बाटल्या आणल्या. बँकेतून निवृत्त झालेले एक शेजारी तिसरे परीक्षक झाले. तिघांकडेही पिण्याचा रीतसर परवाना होता, हे येथे नमूद करतो. मुंबई दारूबंदी कायदा, १९४९ आजही नाव बदलून महाराष्ट्रात लागू आहे आणि परवान्याची अट त्यात कायम आहे. बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळल्या, त्यांवर क, ख, ग, घ, च अशी अक्षरे लिहिली, आणि प्राध्यापकांनी अमेरिकेतील बीअर-परीक्षक वापरतात त्या गुणपत्रिकेच्या प्रती वाटल्या.

ही गुणपत्रिका मराठीच्या प्राध्यापकांनी एकदा तरी पाहावी अशी आहे. एकूण गुण पन्नास. त्यांपैकी गंधाला बारा, रूपाला तीन, चवीला वीस, तोंडातील स्पर्शाला पाच आणि एकूण परिणामाला दहा. आशय श्रेष्ठ की रूप, या वादावर आपल्याकडे किती शाई खर्ची पडली आहे! येथे रूपाला पन्नासपैकी तीन देऊन तो वाद एका ओळीत मिटवला आहे. रूपवादी समीक्षकांनी याची दखल घ्यावी.

दीड तास आम्ही गंभीरपणे काम केले. मग प्राध्यापकांनी सरासरी काढली. पाचही बाटल्या एकोणतीस ते छत्तीस या गुणांत बसल्या होत्या. एकाच बाटलीला तिघांनी दिलेल्या गुणांतला फरक हा दोन बाटल्यांतल्या फरकापेक्षा मोठा होता, असे त्यांनी आकडेमोड करून सांगितले. प्रागहून आलेली बाटली तिसरी आली. मला अधिक बोलका वाटला तो शेऱ्यांचा रकाना. प्राध्यापकांनी पाचांपैकी तीन ठिकाणी 'क्रिस्प' लिहिले होते. मी 'स्वच्छ' आणि 'संतुलित' हे शब्द आलटूनपालटून वापरले होते. मराठी पुस्तक-परीक्षणात ते चालून जातात, तसे येथेही चालून गेले. बँकेतल्या गृहस्थांनी एका बाटलीपुढे नुसते 'गार आहे' असे लिहिले होते. तिघांत प्रामाणिक समीक्षक तेच, असे माझे मत झाले.

शब्दांची ही टंचाई भाषेची म्हणावी, तर मराठीवर अन्याय होईल. चवीच्या छटा दाखवण्याचे मराठीचे सामर्थ्य मोठे आहे. कडू, कडवट, कडसर. आंबट, आंबूस, आंबटसर. गोड, गोडसर, गुळमट. पाणचट, सपक, मचूळ, अळणी. खवट, कुबट, करपट, खमंग. नुसता प्रत्यय बदलला की चव एक पायरी खाली उतरते किंवा वर चढते. षड्रसांतील 'कटु' म्हणजे तिखट आणि 'तिक्त' म्हणजे कडू; मराठीने मात्र 'कटु'पासून आलेला 'कडू' शब्द उचलून तो तिक्ताला देऊन टाकला. चवींच्या बाबतीत इतका स्वतंत्र बाणा असलेली ही भाषा पिल्सनरच्या पेल्यापुढे 'क्रिस्प' म्हणून गप्प का बसते? त्या पेयातला कडवटपणा खरे तर मेथीच्या पानांच्या जवळचा होता, आणि एका बाटलीला उकडलेल्या मक्याचा वास होता. हे शब्द आम्हाला येत होते. ते लिहिण्याच्या योग्यतेचे आहेत असे वाटले नाही, इतकेच.

पिल्सनरचा इतिहास पाहिला तर अंकांचे प्रेम कोठून आले याचा थोडा उलगडा होतो. बोहेमियातील प्लझेन गावच्या बीअरचा दर्जा इतका बेभरवशाचा होता की १८३८ साली तेथे नासलेल्या बीअरची पिंपे नगरभवनासमोर ओतून देण्यात आली. मग परवानाधारक नागरिकांनी मिळून नवी भट्टी उभारली आणि योझेफ ग्रोल या बव्हेरियन कारागिराला बोलावले. त्याने १८४२ च्या ऑक्टोबरमध्ये पहिला घाणा लावला. तेथले मृदू पाणी, फिका माल्ट, झाटेक परिसरातले हॉप्स आणि थंडीत तळाशी बसून सावकाश काम करणारे यीस्ट यांच्या मेळातून पारदर्शक सोनेरी बीअर निघाली. पुढे पाश्चरने १८७६ मध्ये बीअरवर ग्रंथ लिहून ती का नासते ते दाखवले, लिंडेच्या यंत्रांनी बारमाही थंडावा दिला, आणि १८८३ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत हान्सेनने यीस्टचे एकाच पेशीपासूनचे शुद्ध वाण वेगळे केले. त्यानंतर आज प्यालेली बीअर उद्या तशीच मिळण्याची शाश्वती आली. आपल्याकडे मुंबई-ठाण्यात 'लंडन पिल्सनर' नावाची बीअर खपत असे. लंडन आणि प्लझेन ही दोन्ही गावे एका चिठ्ठीवर सुखाने नांदत. गावाचे नाव जगभर एका नमुन्याचे नाव झाले. गुण देण्यासाठी असा नमुना लागतो. वस्तू दर वेळी तीच असेल, तरच तिला दिलेला छत्तीस हा आकडा दुसऱ्याच्या उपयोगाचा.

आता जे पेय दर तासाला बदलते त्याचे काय? डहाणू आणि तलासरीत राहणाऱ्याला हा प्रश्न टाळता येत नाही, कारण ते पेय येथे दारात उभे आहे. चिकूच्या वाड्या ओलांडून पूर्वेला निघावे, की शेताच्या बांधावर ताड आणि शिंदी दिसू लागतात. ताडाचा फुलोरा किंवा शिंदीचे खोड तासून झिरपणारा रस मडक्यात धरतात. मडक्याला आतून चुना लावला असेल तर ती नीरा. नसेल तर हवेतले आणि मडक्यातले यीस्ट लगेच कामाला लागते आणि काही तासांत ताडी तयार होते. तिच्यातले मद्यार्काचे प्रमाण साधारण पिल्सनरइतकेच, चार-पाच टक्क्यांच्या आसपास. पुढे ती आंबत जाऊन शिर्क्याच्या वाटेला लागते. जिव्या सोमा म्हसे यांच्यामुळे (निधन २०१८) वारली चित्रे जगभर पोहोचली; त्या चित्रांत झाडावर चढणारा ताडी काढणारा माणूस वारंवार दिसतो. दिल्ली-मुंबईच्या दालनांत लोक त्याच्याकडे कौतुकाने पाहतात. त्या मडक्यात काय आहे आणि त्याची चव कशी लागते, असे विचारलेले मी कधी ऐकले नाही.

त्या उत्तरापर्यंत मी पोहोचलो तो एका विद्यार्थ्यामुळे. आमच्या बाटल्यांच्या प्रयोगानंतर तिसऱ्या वर्षाच्या वर्गाला मी एक स्वाध्याय दिला: कोणत्याही एका खाद्याचे किंवा पेयाचे वर्णन दोनशे शब्दांत करा, 'छान', 'अप्रतिम', 'स्वादिष्ट' हे शब्द वर्ज्य. बहुतेकांनी वडापाव, पाणीपुरी, चिकू यांवर लिहिले आणि वर्ज्य शब्दांचे समानार्थी शब्द शोधून काढले. तलासरीकडच्या एका पाड्यावरून येणाऱ्या मुलाने ताडीवर लिहिले. दुसऱ्याच दिवशी तो शिक्षककक्षाच्या दाराशी येऊन म्हणाला, "सर, माझी वही परत द्याल का? आणि ते वर्गात वाचून दाखवू नका." ते मी वर्गात वाचले नाही. येथे त्याविषयी लिहितो आहे ते त्याच्या संमतीने, आणि त्याची ओळख पटणार नाही इतपत.

त्याचे वडील ताडी काढतात. त्याने लिहिलेल्या दीड पानात पेयाचे एकच एक वर्णन नव्हते. पहाटे उतरवलेला रस गोड, त्याला कोवळ्या ताडगोळ्याच्या पाण्याचा वास. ऊन चढले की तो फेसाळतो, गोडवा मागे सरतो आणि जिभेला टोचू लागतो. दुपारची ताडी आंबूस, संध्याकाळची उग्र, दुसऱ्या दिवसाची भाजीत घालण्याच्या लायकीची. थंडीतला रस उशिरापर्यंत गोड राहतो, वैशाखातला घरी पोहोचेपर्यंत चढलेला असतो. नवे धुतलेले मडके असेल तर चव सौम्य. जुने, न धुतलेले असेल तर रस त्यात पडताक्षणी आंबायला लागतो. शिंदीची ताडी ताडाच्या ताडीहून वेगळी, आणि दोन्ही मिसळणाऱ्याला जाणकार ओळखतात. पाणी घातलेली ताडी वडील पेल्यात न घेता, मडके हलवून फेसावरून सांगतात.

ह्यूम हे वाचून सुखावला असता. किल्ली आणि चामड्याचा पट्टा ओळखणारी जीभ येथे होती, आणि तिच्यापाशी कारणेही होती: झाड कोणते, ऋतू कोणता, मडके कसे, प्रहर कोणता. पन्नासपैकी किती, हा प्रश्न येथे लागूच पडत नाही. सकाळच्या मडक्याला चाळीस द्यावेत तर दुपारपर्यंत ते मडके उरत नाही. परीक्षकाचा पेन खाली ठेवेपर्यंत उत्तरपत्रिका बदललेली असते. अशा वस्तूचा आस्वाद घेणारा माणूस निर्णयाऐवजी वर्णनाची भाषा घडवतो, आणि ते वर्णन काळाच्या अंगाने जाते. कवितेचेही पुष्कळदा असेच असते. विसाव्या वर्षी वाचलेली कविता चाळिशीत तीच राहत नाही, हे आपण वर्गात सांगतो आणि मग साडेसहा देतो.

परंतु त्या लेखाचा शेवट निराळा होता, आणि या सगळ्या विचाराला खरा धक्का तेथे बसला. मुलाने लिहिले होते की आई ताडी पीत नाही. तरी घरात सर्वांत अचूक पारख तिची. वडील उंबऱ्यात आले की केवळ वासावरून ती ओळखते: पहाटेची घेतली आहे की संध्याकाळची, एका ठिकाणी की दोन ठिकाणी, नुसती ताडी की वर आणखी काही. त्यावरून ती ठरवते की मुलांना जेवायला आधी बसवायचे की नंतर, आणि धाकटीला शेजारी झोपायला पाठवायचे की नाही.

मला आठवेल तितके रसशास्त्र आणि सौंदर्यशास्त्र मी त्या परिच्छेदापुढे धरून पाहिले. भरताचा प्रेक्षक सुमनस् आहे, प्रसन्नचित्त आहे. ह्यूमचा समीक्षक पूर्वग्रहमुक्त आहे. कांटचा सौंदर्यनिर्णय हेतुनिरपेक्ष आहे. ही बाई प्रसन्न नाही, निरपेक्ष नाही, आणि तिने तो पदार्थ जिभेवरही ठेवलेला नाही. तरीही सूक्ष्म भेद ओळखण्याची जी शक्ती आपण रसिकतेची पहिली अट मानतो, ती तिच्यापाशी आमच्या तिघा परीक्षकांपेक्षा कितीतरी जास्त आहे. तिला ती भीतीने शिकवली. आस्वादाच्या कोणत्याही सिद्धान्तात तिच्यासाठी रकाना नाही.

या प्रदेशाच्या इतिहासात मात्र अशा निर्णयांना जागा आहे. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यानंतर ताडीवरची सरकारची पकड घट्ट झाली. झाडागणिक कर आला, आणि घरच्या बांधावरचे पेय विकत घेण्याची वस्तू होऊ लागले. दारूविक्रेता, सावकार आणि जमीनदार हे पुष्कळदा एकच असत. १९२२ साली पालघरच्या किनाऱ्यावरील कोळ्यांमध्ये देवीचा संचार होऊ लागला आणि ती लाट आदिवासी पाड्यांतून दक्षिण गुजरातभर पसरली. देवी अंगात आलेल्यांच्या तोंडून आज्ञा होत: दारू-ताडी सोडा, स्वच्छ राहा, दारूविक्रेत्यांशी संबंध तोडा. डेव्हिड हार्डिमन यांनी १९८७ साली या चळवळीवर सबंध ग्रंथ लिहिला. ज्यांना ताडीची चव सर्वांत चांगली ठाऊक होती त्यांनीच ती नाकारली, आणि नाकारण्याचे कारण चवीत नव्हते. पुढे महाराष्ट्रात गावोगावच्या स्त्रियांनी दारूची दुकाने बंद करण्यासाठी मतदान केले. मतपत्रिकेवर दोनच चिन्हे: उभी बाटली आणि आडवी बाटली. हीदेखील एक गुणपत्रिकाच आहे. तिच्यात गंध, रूप, चव असे रकाने नाहीत. पेला ज्या घरात रिकामा होतो त्या घराचे काय होते, एवढा एकच प्रश्न आहे.

यातून ताडी वाईट आणि पिल्सनर चांगले, किंवा त्याच्या उलट, असा निष्कर्ष मला काढायचा नाही. बाटलीतल्या बीअरनेही घरे उद्ध्वस्त होतात. ती घरे शहरात असतात आणि त्यांची दारे बंद असतात, एवढाच फरक. ताडीला आज क्लोरल हायड्रेटसारख्या भेसळीचा रोग लागला आहे, आणि शुद्ध ताडीची चव ओळखणारी माणसे कमी होणे हे त्या रोगाला पोषकच आहे. तलासरीपासून तासाभराच्या अंतरात महाराष्ट्राचा परवाना, गुजरातची दारूबंदी आणि दमणची मुभा असे तीन कायदे लागतात. कायद्याच्या तीन भाषा येथे ठळकपणे बोलल्या जातात. चवीची भाषा मात्र पाड्यावर राहते आणि वर्गाच्या दाराशी आल्यावर 'वाचून दाखवू नका' म्हणते.

आपला, म्हणजे साहित्य शिकवणाऱ्यांचा, संबंध नेमका येथे येतो. आमच्या तिघांपाशी 'क्रिस्प' हा शब्द होता आणि तो लिहायला संकोच वाटला नाही. त्या मुलापाशी प्रहराप्रहराची शब्दसंपदा होती आणि तिची त्याला लाज वाटली. समीक्षेची परिभाषा शिकवता शिकवता आपण हाच संकोच पिढ्यान्‌पिढ्या शिकवत आलो आहोत का, हे तपासायला हवे. परीक्षेत 'प्रतिमासृष्टी' आणि 'संतुलित' लिहिणाऱ्याला गुण मिळतात. 'ही ओळ जुन्या मडक्यात धरलेल्या रसासारखी लगेच चढते' असे लिहिणाऱ्याला मिळतील याची खात्री मी तरी देऊ शकत नाही. उत्तरपत्रिका तपासणारे वाचक या प्रश्नाकडे कसे पाहतात, हे जाणून घ्यायला आवडेल.

त्या स्वाध्यायाला मी दहापैकी नऊ गुण दिले. विद्यापीठाच्या अंतर्गत मूल्यमापनाच्या तक्त्यात आकडा भरावाच लागतो. खाली शेऱ्यासाठी चार ओळींची जागा होती. तेथे मी त्याच्या आईविषयीच्या परिच्छेदाबद्दल लिहिले, जागा पुरली नाही म्हणून मागच्या पानावर लिहिले, आणि वही त्याच्या हातात दिली. यंदा तो एम.ए.ला आहे. प्रबंधिकेसाठी त्याने डहाणू-तलासरीतील बोलींमधले चवी आणि वास यांचे शब्द हा विषय घेतला आहे. पहिली माहिती देणारी व्यक्ती म्हणून त्याने आईचे नाव लिहिले आहे.